चतकोर बातमी

आमच्या कराडच्या आत्याकडे बातमीचा दर भाकरीवर ठरतो. अख्खी घेतली तर अख्खी बातमी, अर्धी मोडून घेतली तर अर्धी, आणि "चतकोरच दे" म्हणालात तर "जाऊ दे, तुला काय करायचंय" एवढंच पदरात पडतं. फोनवर ती फक्त मयत कळवते. बाकीचं सगळं ताट मांडून, समोर बसवून.

गेल्या महिन्यात एका रविवारी गेलो. दारातच तिनं माझ्या पाठीमागे पाहिलं.

"सूनबाई नाही आली?"

"तिला ऑफिस आहे."

"बरं," म्हणाली आणि पिठाला पाणी लावायला आत गेली. मी सुटलो असं समजून हातपाय धुतले.

पोळ्यांचं घर असतं तर गोष्ट वेगळी होती. पोळ्या आधी करून डब्यात ठेवता येतात आणि मग निवांत बसून बोलता येतं. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात यावी लागते, त्यामुळे बातमीलाही भाकरीच्याच चालीनं यावं लागतं. थापताना पार्श्वभूमी. तव्यावर टाकून पाणी फिरवताना आवाज खाली. आणि नेमकं "तेव्हा त्या पोरीनं सासूला तोंडावर सांगितलं, की..." इथं भाकरी उलटायची वेळ होते. मग ती जाळावर टम्म फुगेपर्यंत घरात कोणी हूं की चूं करायचं नाही. फुगली, ताटात पडली, की आत्या पुढचा गोळा हातात घेणार आणि विचारणार, "कुठं होते मी?"

"तोंडावर सांगितलं."

"हां, ते बोरिवलीचं. आता मिरजेच्यांचं ऐक."

आमच्याकडे माणसांना नावं नाहीत, गावं आहेत. बोरिवलीच्या काकू बदलापूरला राहायला जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्या बोरिवलीच्याच. कारण बदलापूरचे म्हणजे दुसरे, आणि त्यांच्याशी आमचं बोलणं नाही. अमेरिकेत एडिसनला आमची दोन घरं झाली तेव्हा जरा पंचाईत झाली होती. आत्यानं एका दुपारीत त्यांची 'येणारे एडिसन' आणि 'न येणारे एडिसन' अशी फोड करून टाकली.

सन तिला चालत नाही. तिची मोठी जाऊ लग्न होऊन आली ती 'यशवंतराव दिल्लीला गेले त्या साली', म्हणजे १९६२. आमचा थोरला आतेभाऊ 'भूकंपात तीन महिन्यांचा'. भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेल्यावरचा. पोराला दुपट्यासकट उचलून ती अंगणात कशी धावली, हे मी दर खेपेला ऐकतो आणि दर खेपेला पोर थोडं जड झालेलं असतं. एकदा मी चुकून "कोणता भूकंप?" म्हणालो होतो. १९९३ मधला किल्लारीचाही एक आहे ना, म्हणून. "तो लातूरचा," ती म्हणाली. आतेभाऊ आज अठ्ठावन्नचा आहे, गुडघ्याला पट्टा बांधून हिंडतो, पण त्याचं वय अजून भूकंपापासूनच मोजतात.

दुसऱ्या भाकरीबरोबर भरली वांगी आली. कृष्णाकाठची वांगी आणि मिरजेच्यांचं शेत या दोन गोष्टी एकाच घासात येणं बरोबर नाही, कारण एकीनं तोंडाला पाणी सुटतं आणि दुसरीनं तोंड कडू होतं. धाकट्यानं म्हणे थोरल्याचा बांध कोरला. दर नांगरटीला वीतभर. सातबाऱ्यावर अजून अकरा नावं, त्यातली चार वर गेलेली, आणि उरलेल्या सातांची सही एका दिवशी मिळत नाही. आत्यानं इथं न विचारता खर्डा वाढला. वाटणीच्या बातमीला तिच्याकडे खर्डाच असतो.

मला तो सासूला दिलेला जबाब हवा होता. म्हणून तिसरी घेतली.

तिसऱ्या भाकरीवर पन्नासांचं प्रकरण निघालं. २०२० च्या टाळेबंदीत साताऱ्याच्या भाचीचं लग्न झालं आणि सरकारनं परवानगी दिली होती पन्नास माणसांची. तेव्हापासून आमच्या कुळाचे दोन भाग आहेत: पन्नासातले आणि पन्नासाबाहेरचे. आत्या बाहेरची. तिनं मोबाइलवर लग्न पाहिलं, आणि घेतलेल्या व्रताला जागावं तशा 'सावधान' म्हणताच पडद्यावर अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा चार्जरच्या भोकात गेला. "आपण बाहेरचे, आणि फोटोग्राफर आत!" ती म्हणाली. हिशेब खरा आहे. त्या भाचीला आता दुसरं मूल होईल, पण तो फोटोग्राफर पचलेला नाही.

"आत्या, त्या पोरीनं सासूला काय सांगितलं?"

"टाकू का अजून एक?"

पोटात जागा नव्हती. मिरजेचा बांध बरा म्हणावा असं आत दाटलं होतं. "चतकोर," मी म्हणालो.

आत्यानं भाकरीचा चौथा हिस्सा मोडला, त्यावर ताकाची वाटी सरकवली, आणि म्हणाली, "सांगितलं हो काहीतरी. हल्लीच्या पोरी." तव्याखालचा गॅस बंद झाला.

ऑफिसचं खरं कारण सांगायचं तर माझ्या बायकोनं मागच्या खेपेला इथं चार भाकऱ्या खाल्ल्या होत्या, नणंदेच्या पोरीचं जमलेलं लग्न का मोडलं ते कळावं म्हणून. दोन दिवस ती ओव्याच्या पाण्यावर होती. या खेपेला तिनं जागाच सोडली नाही. पण हे आत्याला कसं सांगणार?

निघताना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, दोन वांगी, पाठीवरून हात. मी जिन्यात चपला घालत होतो तोवर आत फोन वाजला.

"हो, आत्ताच गेला. तीन खाल्ल्या फक्त. वर चतकोर... पाच खाणारं पोर ते... नाही, बोलला काही नाही. एकटाच आला होता. म्हणाला, तिला ऑफिस आहे." थोडा वेळ शांतता. "अगं, रविवारचं कसलं ऑफिस?"

मी एक पाय चपलेत घालून तसाच उभा.

"छे, फोनवर नाही सांगत. गुरुवारी जेवायला ये."