आत्ता होता!

शुक्रवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पक्षीवाल्या काकांचा मेसेज येतो : ‘रविवारी भिगवण. निवांत सहल. पहाटे ठीक साडेचारला गेटपाशी. लाल, पांढरे, भडक कपडे नकोत. अत्तर नको. बडबड नको.’ निवांतपणाला इतक्या अटी पुण्यातच लागू शकतात.

काका बँकेतून निवृत्त झालेले असतात, नाहीतर पिंपरीकडच्या एखाद्या कारखान्यातून. गळ्यात दुर्बीण, अंगात खिसेच खिसे असलेलं मातकट जाकीट आणि त्यातल्या एका खिशात सलीम अलींचं पुस्तक. ते १९४१ साली पहिल्यांदा निघालं. काकांच्या प्रतीची अवस्था पाहता ती त्याच वर्षी घेतलेली असावी. आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲपही त्यांच्या मोबाईलमध्ये असतं. त्याचं आणि काकांचं मत जुळलं तर ॲप चांगलं, नाही जुळलं तर ‘अमेरिकेत बनवलंय, त्याला काय कळतंय!’

सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर जायचं. वाटेत हॉटेलांचे दिवे दिसले की मागच्या सीटवर चुळबुळ सुरू होते. ‘आधी पक्षी, मग पोहे. ऊन चढलं की पक्षी गप्प बसतात,’ काका बजावतात. उन्हाचा हा गुण काकांना लागू पडत नाही.

भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी मागे पसरत भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत येतं आणि तिथे उथळ होतं. उथळ म्हणून चिखल, चिखलात शेवाळ आणि किडे, आणि किड्यांसाठी पक्षी. काका हे गाडीत तीनदा सांगतात. पण सांगतात बरोबर, हेही कबूल केलं पाहिजे.

काठावर उतरल्याबरोबर खरा खेळ सुरू होतो.

‘ती बाभूळ दिसते?’

‘कुठली?’ काठावर बाभळीच बाभळी.

‘ती हो, जिच्यामागे बाभूळ आहे ती. तिची डावी फांदी धरा. आता घड्याळात दोन वाजतात तिथे या. तिथून जरा खाली. पानाआड शेपटी हलतेय बघा... अरेरे! आत्ता होता!’

‘हळू बोला’ हे वाक्य काका इतक्या जोरात म्हणतात की पलीकडच्या शेतातल्या टिटव्या उठतात. यात दोष त्यांच्या स्वभावाचा नाही, प्रेमाचा आहे. एकट्यानं पाहिलेला पक्षी त्यांच्या हिशेबी पाहिलेलाच नसतो. दुसऱ्याला तो दाखवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नाही. म्हणून मग कुणीतरी दया येऊन म्हणतं, ‘हां हां, दिसला! काय सुंदर आहे!’

‘चोच कुठल्या रंगाची होती?’

‘पिवळसर...?’

काका दुर्बीण खाली करतात. त्यांचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

मग होडी. रोहित पक्ष्यांचा थवा उंच पायांवर उभा असतो, माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळत. मोबाईल सरसावतात. काकांना मात्र यात फारसा रस नसतो. जे सगळ्यांना दिसतं ते दाखवायचं काय? तरी ते सांगतात की हा गुलाबी रंग खाण्यातून येतो. ‘मग मी रोज बीट खाल्लं तर?’ एक पोरगी विचारते. काका प्रश्न पूर्ण गांभीर्यानं घेतात, आणि उत्तर संपेपर्यंत रोहितांचा थवा दुसऱ्या किनाऱ्याला गेलेला असतो.

काकांची खरी आवड चिखलावरचा चिखलाच्या रंगाचा पक्षी. ‘ठिपकेवाला तुतवार!’ ते कुजबुजतात, म्हणजे ओरडतात. शेजारच्या होडीतून तेवढ्याच दमदार कुजबुजीत उत्तर येतं, ‘छे, हिरवा तुतवार!’ तिकडेही एक काका असतात. तेच जाकीट, तेच पुस्तक. भुवईवरची रेघ, पायांचा रंग, पाठीवरचे ठिपके, सगळं दोन्ही बाजूंनी निघतं. होडीवाला कुंभारगावचा पोरगा. तो वल्ह्यावर हनुवटी टेकवून म्हणतो, ‘उडाला की कळंल, साहेब.’

पक्षी उडतो. पंखांखाली काळा, बुडाशी पांढराशुभ्र. हिरवाच.

त्यानंतर काका अगदी गप्प असतात. पाणी ऐकू येतं. डोक्यावरून नदी सुरय जातात, लांबवर पट्टकदंब हंसांची रांग बसलेली असते; हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे आज पहिल्यांदाच न बोलता पाहायला मिळतात. मेसेजमध्ये कबूल केलेली निवांत सहल ती हीच.

जेवणात चिलापीचा तळलेला तुकडा पोटात गेला की काका पुन्हा बोलते होतात आणि ताटाशेजारी वही उघडून यादी वाचतात. तीत कावळा धरायचा की नाही, यावर हात वाळेपर्यंत चर्चा चालते. काकांचं मत : धरायचा. कावळाही पक्षीच, आणि तोच एकटा सगळ्यांना नीट दिसलेला असतो.

पण या माणसामुळेच सोसायटीच्या आवारात तांबट, शिंपी आणि दयाळ राहायला आले. होते ते आधीपासूनच; दाखवणारं कुणी नव्हतं. तेव्हा तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर जरूर हो म्हणा. पोहे घरूनच खाऊन निघा. आणि पक्षी दिसला नाही तर सरळ ‘नाही दिसला’ म्हणा. काका पुन्हा दाखवतील, न कंटाळता.