कानातला अन्ना

गाणाऱ्या माणसाची मागणी तशी साधी असते. आपण काय गातोय ते आपल्याला ऐकू यावं. ती पुरवायला आजवर किती खटपटी झाल्या! ख्यालगायक दोन तानपुऱ्यांच्या मधोमध बसतो. तमाशात सुरत्ये मागे उभे राहून सूर धरून ठेवतात. शाहीर डफावरचा हात उचलून कानाशी नेतो. गाणाऱ्याला ऐकवणाऱ्या स्पीकरला मॉनिटर म्हणतात. ही सगळी मॉनिटरचीच कामं, फक्त वायरी नाहीत.

वीज आली आणि पंचाईत झाली. कर्ण्यांची तोंडं लोकांकडे आणि गाणारा त्यांच्या पाठीमागे. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स पंचावन्न हजारांवर लोकांपुढे गायले, तेव्हा त्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नव्हता. पुढे गायकाकडे तोंड केलेल्या तिरक्या पेट्या मंचावर आल्या. त्यांचा आवाज वाढवावा तर तो माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञानं व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी कानाच्या मापाचे इवलेसे स्पीकर बनवले. असे प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण मॉनिटरनं पेटी सोडून कानात कायमचं बिऱ्हाड केलं ते तिथून.

ते बिऱ्हाड यथावकाश पांढरकवड्याच्या आमच्या ऑर्केस्ट्रापर्यंत आलं. पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा. एप्रिलात भीमजयंती, मग गणपती, मग नवरात्र. बेला, जैनथ, खुद्द आदिलाबाद, तिकडे आमची ये-जा असते. समोर मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू बोलणारे सगळेच बसलेले. वाद्यं आमची, साऊंड मात्र तिथला, मंडळानं ज्याला सांगितलं असेल त्याचा. त्याचं नाव काही असो, तो अन्ना.

मी की-बोर्ड वाजवतो आणि कानातल्या यंत्रांचं खातंही सांभाळतो. हे यंत्र नीट बसलं की बाहेरचं जग जवळपास बंद. ढोलकी हाताच्या अंतरावर वाजत असते, पण तिचा आवाज आधी माइकात जातो, तिथून वायरीनं मैदानाच्या पार टोकाला अन्नाच्या मिक्सरमध्ये जातो, आणि अन्नाच्या मनात असलं तर परत माझ्याकडे येतो. संध्याकाळी ज्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या हाती रात्री आपले दोन्ही कान. सख्ख्या भावावर कोणी इतका भरवसा टाकत नाही.

म्हणून पोहोचल्यावर मी आधी चहा सांगतो. कुठला माइक कुठल्या चॅनेलवर, याची यादी आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर गेलेली असते आणि ती कोणी पाहिलेली नसते. चहाबरोबर ती मी पुन्हा वाचून दाखवतो. मग कळीचा प्रश्न येतो. कानाकडे आवाज आणणारा फाटा, म्हणजे ऑक्स, फेडरच्या (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या दांडीच्या) आधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर लोकांसाठी अन्नानं काहीही कमी-जास्त केलं तरी माझ्या कानातलं हलत नाही. नंतरचा असेल तर सरपंच मिक्सरजवळ जाऊन म्हणणार, “ते पेटीवानी वाजते ते कमी करा,” आणि माझा की-बोर्ड माझ्याच कानातून नाहीसा होणार. मग आपली बोटं पाहत सूर आठवत बसायचं.

“अन्ना, प्री-फेडर आहे ना?”

“सार, टेन्शन नको. सब सेट है.”

या उत्तरात सगळं असतं, फक्त उत्तर नसतं. पण हा आत्मविश्वास मला आवडतो. त्याच्याशिवाय उघड्या मैदानात, जनरेटरच्या भरवशावर, शेजारी डीजे वाजत असताना कोणी मिक्सर मांडून बसणारच नाही.

“कान में कितना होना, सार?”

“कोंचेम.” माझ्याकडे तेलुगू शब्द तीन. कोंचेम म्हणजे थोडं, पेंचु म्हणजे वाढव, तग्गिंचु म्हणजे कमी कर. एवढ्या भांडवलावर मी पुलापलीकडचे कार्यक्रम निभावतो.

आमचे मुख्य गायक गुरुजी. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, अभंगापासून रफीपर्यंत सगळं गाणारे. त्यांना एकच शब्द पुरतो: पेंचु. त्यात त्यांचा अगदीच दोष नाही. कानात बोळा बसला की आपला आवाज कवटीतूनच घुमायला लागतो, रांजणात तोंड घालून गातोय असा. त्यावर उपाय आवाज वाढवण्याचा नसतो. कानात थोडा इको द्यायचा आणि बाकीच्यांना जरा खाली आणायचं. पण “दुसऱ्यांचं कमी करा” असं म्हणणारा गायक मी अजून पाहिलेला नाही. अन्नानंही नसावा. कारण पाचव्यांदा मागणी आली की तो ज्याला काहीच जोडलेलं नाही असा एक फेडर मोठ्या निष्ठेनं वर सरकवतो आणि विचारतो, “ठीक है, गुरुजी?”

“आता कसं!” गुरुजी म्हणतात. जगभरच्या साऊंडवाल्यांना हा फेडर ठाऊक आहे.

गुरुजींची दुसरी तक्रार मात्र मला पटली. गाणं संपलं की समोरचे हात हलताना दिसतात, टाळी ऐकू येत नाही. “वन्स मोअर” आला की नाही तेही कळत नाही, आणि वन्स मोअर न कळणं म्हणजे मराठी गायकाला मरणच. म्हणून गुरुजी एक कान मोकळा ठेवायचे. ते धोक्याचं. मोकळ्या कानातला गोंगाट झाकायला माणूस बंद कानातलं वाढवत जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. पाव तासात आमची गणेशवंदना आणि पाहुण्यांचा सत्कारसुद्धा होत नाही. अन्नानं तोड काढली. एक शिल्लक माइक लोकांकडे तोंड करून मंचाच्या कडेला लावला आणि तो फक्त गुरुजींच्या कानात सोडला. आता त्यांना टाळ्या येतात, वन्स मोअर येतो, पहिल्या रांगेतलं रडतं पोरही येतं.

आदिलाबादकडच्याच केसलापूरच्या नागोबा जत्रेत, पुष्य अमावास्येच्या सुमारास, गोंडांच्या परधान वादकांचं पेपरे (सनईसारखं वाद्य) आणि ढोल ऐकताना मला हेवा वाटतो. एकमेकांना ऐकू येईल इतकं जवळ उभं राहायचं, बस. आम्ही तसं उभं राहायचं म्हटलं तर मध्ये माइकचे स्टँड.

रात्री दहाला कायद्यानं कर्णे बंद. एकदा दहाला दहा मिनिटं कमी असताना गुरुजींनी पुन्हा पेंचु म्हटलं. अन्नानं या वेळी फेडर हलवला नाही. हेडफोन लावून गुरुजींच्या कानात काय जातंय ते स्वतः ऐकलं, आणि माइकवरून मला विचारलं, “सार, इस में तो खाली गुरुजीच है. बाकी लोगां किधर गए?”

ढोलकीवाला घाम पुसत म्हणाला, “आम्ही पब्लिकसाठी आहोत, अन्ना.”