फिरत्या बिऱ्हाडाचा अँटेना: काही अधिकृत सूचना

अमेरिकेत हयात घालवून, निवृत्तीनंतर पिकअप ट्रकच्या मागे चाकांचे घर जोडून कॅम्पग्राउंडे पालथी घालण्याचे व्रत ज्या महाराष्ट्रीय गृहस्थांनी घेतले आहे, त्यांच्या हितार्थ दूरदर्शन-संचाच्या अँटेनाविषयी काही सूचना लेखनिविष्ट करणे मला अगत्याचे वाटते. सूचना सर्वसामान्य आहेत; कोणा एका व्यक्तीवर त्यांचा रोख नाही. ज्यांना आमचे मिशिगनवासी साडू ठाऊक आहेत, त्यांनी हा खुलासा दोनदा वाचावा.

पहिली सूचना अशी की, अँटेनाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला मैलांचा आकडा वाचू नये. दूरदर्शनच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात, आणि प्रक्षेपणाचा मनोरा १००० फूट उंच व आपला अँटेना ट्रेलरच्या छपरावर १२-१३ फुटांवर असे धरले, तरी सुमारे ५० मैलांपलीकडे खुद्द पृथ्वीच मध्ये आडवी येते. पृथ्वी गोल असल्याचा उल्लेख मात्र कोणत्याही खोक्यावर नसतो. साडूंनी उभा जन्म पुलांची गणिते करण्यात घालवला, तरी ‘१५० मैल’ हे शब्द दृष्टीस पडताच त्यांच्या ठायींचा अभियंता रजेवर जातो आणि खिशातले पाकीट कामावर रुजू होते.

दुसरी सूचना आकाराविषयी. बाजारात तबकडीसारखा एक गोल अँटेना मिळतो, त्याला दिशा दाखवावी लागत नाही. तो चहूंकडचे ऐकतो, पण कोणाचेच नीट ऐकत नाही. एका रात्रीच्या मुक्कामाला तो चालेल. आठवडाभर राहायचे असेल, तर एका दिशेला तोंड करणारा घ्यावा. अमेरिकेत ७ ते १३ या चॅनेलांच्या लहरी लांब आणि १४ ते ३६ या चॅनेलांच्या आखूड असतात. पहिल्यांसाठी अँटेनाची भुजा पाऊण मीटरच्या आसपास लागते, दुसऱ्यांना वीतभर लांबीही पुरते. म्हणून वहीच्या कागदाएवढा चपटा अँटेना दुसरा गट आणतो आणि पहिल्या गटाच्या नावाने हात वर करतो. त्यातही पडद्यावर दिसणारा क्रमांक हा पुष्कळदा केंद्राचा जुना मानाचा क्रमांक असतो, प्रत्यक्ष प्रक्षेपण भलत्याच चॅनेलावर चालते. तेव्हा खरा क्रमांक आधी पाहावा आणि मगच खरेदीला निघावे.

पत्र्याच्या ट्रेलरात अँटेना आत ठेवू नये. एवढेच.

आता दिशा देण्याचे शास्त्र. आणि येथे थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे. साडूंचे या विद्येतले शिक्षण पुण्यातील एका वाड्याच्या गच्चीवर झाले. त्या काळी सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे शहरातील यच्चयावत अँटेने माशाच्या काट्यासारखे पसरून उभे असत. वारा सुटला किंवा एखादा कावळा अंमळ जोराने बसला की चित्रावर मुंग्या येत, आणि मग धाकट्या मुलाची रवानगी वर होई. तो दांडा फिरवी, जिन्यातला भाऊ निरोप पोचवी, आणि खालून ‘आलं, आलं’ व पाठोपाठ ‘गेलं’ असा पुकारा होई. त्या विद्येचा आधार मुंग्या होत्या. त्या हळूहळू वाढत, हळूहळू विरळ होत, त्यामुळे हाताला अदमास लागे. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांनी जुने अॅनालॉग प्रक्षेपण बंद केले आणि मुंग्यांचा अंमल तेथे संपुष्टात आला. आता चित्र असते तर स्वच्छ असते, नाही तर त्याचे चौकोनी तुकडे पडतात, किंवा मग काहीच नसते. शिवाय आलेला संकेत जुळवून घ्यायला संचाला काही सेकंद लागतात.

साडू हे मानीत नाहीत. छताला बसवलेले हँडल फिरवून अँटेना वर चढवला, की खालची कडी ते गच्चीवरच्या वेगाने गरगर फिरवतात, आणि संचाला चाहूल लागण्यापूर्वीच आख्खे शहर मागे पडते. ‘काही नाही या अँटेनात,’ असा निकाल लागलीच जाहीर होतो. मग आमच्या मेहुणीबाई ‘अहो, सरका जरा’ म्हणून उठतात, कडी बोटभर वळवतात, मनात पाचापर्यंत मोजतात, पुन्हा बोटभर वळवतात. आणि चित्र येते. याची नोंद दप्तरी कोठेही नाही. साडूंच्या वहीत श्रेय नव्या केबलला दिलेले असते.

त्या वहीतले सर्वांत अभिमानाचे पान मिशिगन सरोवराच्या काठचे आहे. मस्कीगनजवळ एका उबदार संध्याकाळी, थेट समोरच्या तीरावरचे, सुमारे ८५ मैलांवरचे मिलवॉकी त्यांच्या पडद्यावर अवतरले. थंड पाण्यावर उबदार हवेचा थर बसला की लहरी वाकतात आणि पाण्यालगत दूरवर घसरत जातात; त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात हे घडते. परंतु त्याच दुपारी साडूंनी नवा अँटेना विकत घेतला होता. पहाटे वारा फिरला, मिलवॉकी गेले, आणि साडूंनी दुकानदारास तक्रारीचा खलिता धाडला.

बूस्टरचे बटण कपाटात दडलेले असते. ते शोधावे, त्यावरचा इवलासा दिवा पेटवावा, कारण तो विझलेला असता उत्तम अँटेनाही बहिरा होतो. कॅम्पग्राउंडची केबल जोडताना मात्र तो विझवावा. प्रत्येक नव्या गावी चॅनेलांचा शोध नव्याने घ्यावा. आणि आपण कोणत्या काउंटीत उतरलो आहोत ते कागदावर लिहून संचाला चिकटवावे, कारण वादळाचा इशारा काउंटीच्या नावाने येतो, आणि रात्री दोन वाजता नकाशा धुंडाळण्यात अर्थ नसतो. या सर्व खटाटोपाचे माझ्या मते हे एकच सबळ कारण आहे. साडूंचे कारण निराळे. ते दूरदर्शन पाहत नाहीत, मोजतात. प्रवचने, दागिन्यांचे लिलाव आणि घोडेस्वारांचे जुने चित्रपट धरून ‘एकोणतीस!’ असा आकडा वहीत चढला, की संच बंद होतो आणि गृहस्थ प्रसन्न मुद्रेने चहा मागतात. त्या मुद्रेसाठी मेहुणीबाई कडी वळवायला पुन्हा उठतील, हेही मी जाणून आहे.

शेवटची सूचना: निघण्यापूर्वी अँटेना खाली घ्यावा. उभा अँटेना घेऊन निघालेल्या ट्रेलराला पहिली फांदी धडा शिकवते, आणि तो धडा छपराला भोक पाडून जातो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे मुक्कामी पोचताच ट्रकची किल्ली छतावरच्या हँडललाच अडकवून ठेवणे; हँडलला हात लावल्याशिवाय गाडीच सुरू होत नाही. मेहुणीबाईंनी हा शिरस्ता घालून दिल्यापासून साडूंनी दुसरी किल्ली करून घेतली आहे.