कालच्या उद्याची जत्रा

१९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्यातला एक भाग उद्यासाठी राखून ठेवला होता. हा उद्या म्हणजे १९८६ साल, असंही जाहीर केलेलं. दोन वर्षांनी तिथं प्लॅस्टिकचं 'भविष्यातलं घर' उभं राहिलं. १९६७ मध्ये ते पाडायला काढलं, तर पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आदळून नुसताच मागं यायचा, असं सांगतात. भविष्य मोडीत निघालं होतं, पण मोडत नव्हतं.

करमणुकीच्या बागा बांधणाऱ्यांची ही कायमची अडचण आहे. राजवाडा जुना झाला की त्याचा भाव वाढतो, अग्निबाण जुना झाला की त्याच्यावर कबुतरं बसतात. पॅरिसजवळ १९९२ मध्ये डिस्नेवाल्यांनी मग शहाणपणा केला. खऱ्या उद्याचा नाद सोडला आणि ज्यूल व्हर्नच्या काळातल्या माणसांना जो उद्या दिसत होता, तोच मांडला, पुढं त्यात पाणबुडीबिणबुडीही आणली. कालचा उद्या. तो शिळा व्हायची भीती नाही, आधीच शिळा आहे.

व्हर्न भा. रा. भागवतांच्या कृपेनं आपल्याला घरचाच. पण अशी जत्रा सातारा-सांगलीकडे भरवायची झाली, तर त्याला बोलावण्याची गरज नाही. इथं कालचा उद्या रेल्वेच्या रुळांना लागून पडला आहे. पुणे-मिरज गाडीत खिडकी धरून बसा. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना, १९२२ सालचा. हे कूपर पुढं १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते, म्हणजे इंजिनं आणि मंत्रिमंडळ दोन्ही चालवून पाहिलेला माणूस. कराड स्टेशनाला उतरलं की ओगलेवाडी, तिथं ओगले बंधूंचा १९१६ सालचा काचकारखाना. आणखी पुढं एके काळचं कुंडल रोड, म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांची १९१० सालची किर्लोस्करवाडी. एका तिकिटात तीन उद्या. जत्रेचा नकाशा रेल्वेनं आयताच काढून ठेवला आहे.

सुरुवात अर्थात वाडीपासून. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी किर्लोस्करांना हा माळ दिला. माळावर निवडुंग आणि साप यांची वस्ती होती, ती दोघंही भविष्याच्या बाजूची नव्हती. लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेसाठी मुंबईला गेलेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं ध्यानात आल्यावर ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. आपल्या भागातला पहिला मोठा उद्या रंगांध माणसानं रेखला, हे मला फार आवडतं. त्यामुळे माझ्या जत्रेत झगमगाट नाही. सगळं काळं, राखाडी, आणि जिथं हात लागून घासलंय तिथं चकचकीत.

इथला पहिला खेळ 'लोखंडी नांगर'. बेळगावात असताना १९०३ च्या सुमारास किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले आणि सुरुवातीला ते खपले नाहीत. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले मोजके नांगर जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. तेव्हा हा जगातला सर्वांत सावकाश खेळ असेल. तुम्ही पट्टा बांधून एका शेडमध्ये नांगराशेजारी बसायचं. काहीही होत नाही. एक शेतकरी येतो, फाळाला बोट लावतो, ते हुंगतो, निघून जातो. दुसरा येतो. तो बैलाकडे बघतो, बैल त्याच्याकडे बघतो, दोघांचं एकमत होतं आणि दोघंही निघून जातात. मुलं कंटाळून रडायच्या बेताला आली की शेवटी एक जण म्हणतो, "बघू या एक." आणि त्या क्षणाला खुर्ची अशी काही उसळते की टोपी उडावी. आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तो उंचीमुळे, इथं तो पहिल्या गिऱ्हाइकामुळे येईल. ज्यांनी कधी दुकान टाकलंय ते परत परत रांगेत उभे राहतील.

ओगलेवाडीचा खेळ अंधारातला. घराघरात टांगलेला प्रभाकर कंदील इथलाच. माणूस आत मावेल एवढे मोठे कंदील करायचे आणि वातीच्या जागी प्रवासी बसवायचा. बाहेर चालक चावी फिरवतो. वात वर केली की कंदील पळतो, खाली केली की रेंगाळतो. दोन्ही बाजूंना रात्रीचं गाव: अभ्यासाला बसलेला पोरगा, गोठ्यातल्या म्हशीचे डोळे, आणि तिन्हीसांजेला राखेनं काच पुसणारी आजी, जी तुमचीही काच पुसेल आणि वर "किती काजळी धरलीय मेल्यानं" असं तुम्हालाच म्हणेल. शेवटच्या वळणावर लखकन् विजेचे दिवे लागतात, बँड वाजतो, प्रगती होते. आणि मग भारनियमन. पुन्हा कंदील. पश्चिमेकडच्या बागेत भविष्य एकदा आलं की मुक्कामालाच येतं. आपल्याकडे ते वेळापत्रक लावून येत-जात असतं, हे पाहुण्यांना कळलं पाहिजे.

माझा सर्वांत लाडका बेत मात्र उलट्या घसरगुंडीचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी माळावर चढवलं. ज्या टेंभूत १८५६ साली आगरकर जन्मले, तिथली नदी आता आटपाडीकडे चढते. सुधारकाच्या गावचं पाणीसुद्धा प्रवाहाविरुद्ध, यात नवल ते काय. तर माझ्या घसरगुंडीत माणसं खाली बसतात आणि पाण्याबरोबर वर घसरत जातात. मध्ये हौद, पुन्हा पंप, पुन्हा वर. एखाद्या फेरीत अध्येमध्ये सगळं थांबेल, कारण वीजबिल थकलं. मग डोंगराच्या पोटात नळीत बसून राहायचं आणि निवडणुकीची वाट बघायची.

हा बेत मी तासगावकडच्या आमच्या आबांना सांगितला. त्यांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे करमणुकीकडे बघायची दृष्टी जरा वेगळी.

"वर गेल्यावर काय हाय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. मजा."

"आन् पाणी?"

"पाणी परत खाली सोडायचं. पुढच्या फेरीला."

आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "एवढं वर चढवल्यालं पानी खाली सोडतोस? घाल की जतला!"

तेव्हापासून आराखड्यात दुरुस्ती केली आहे. खेळ संपल्यावर पाणी बागेला जाईल. मला वाटतं इथल्या कालच्या उद्याची खरी ओळख हीच. अमेरिकेतला उद्या चंद्रावर निघाला होता. आमचा विहिरीत उतरला, बांधावर बसला, ओसरीत टांगला गेला. नांगर, कंदील, इंजिन, पंप. स्वप्न पडलं तरी त्याला हँडल होतं आणि ते फिरवायला माणूस लागायचा.

कोयनेवर मात्र थोडी भव्यता करू द्या. १९९९ मध्ये शिवसागर जलाशयाच्या तळाशी पाण्याखाली स्फोट करून बोगद्याला वाट दिली, लेक टॅपिंग म्हणून ते गाजलं. व्हर्नला हे सुचलं असतं तर त्यानं तीन प्रकरणं लिहिली असती. आमचा पाळणा तसाच तळ फोडून डोंगराच्या आत कोसळेल आणि थेट पोफळीला निघेल. अडचण एवढीच की पोफळी रत्नागिरी जिल्ह्यात. बसायचं साताऱ्यात, उतरायचं कोकणात, आणि परत यायला कुंभार्ली घाटातून एसटी. चाचणीला आलेल्यांना कदाचित एसटीच जास्त थरारक वाटेल. १९६७ च्या भूकंपाचा हलता मजला करू या, असं एका उत्साही मित्रानं सुचवलं होतं. नको. कोयनानगरात ती रात्र आठवणारी माणसं अजून आहेत.

वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना पाळणे बांधायचा विचारही आहे. दुष्काळात याच पवनचक्क्या ढग पळवतात, असं लोक म्हणायला लागले होते. म्हणजे नांगरानं जमीन नासते म्हणणाऱ्यांचे नातूच हे, घराणं चालू आहे. तेव्हा त्या पाळण्याखाली 'ढग परत आणण्याची खिडकी' ठेवावी, तक्रार नोंदवून घेणारा कारकून बसवावा. गर्दी तिथंच जास्त होईल.

कलावंतांची चिंता नाही. भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, देवलांची सर्कस म्हैसाळची, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं करणारे विष्णुदास भावे सांगलीचे. भाव्यांच्या हातच्या लाकडी बाहुल्या होत्या. यंत्रमानवाचं काम त्यांना द्यावं, तेलपाणी कमी लागेल.

आता घोडं अडलंय ते तिकिटावर. फाटकावर कंदी पेढे आणि भडंग दोन्ही ठेवून मी शांतता राखली होती, पण तिकिटावर जिल्हा कुठला छापायचा? जत्रेतला काळ जुना. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ ते १९६० त्याचं नाव दक्षिण सातारा. तसं छापा म्हटलं तर सांगलीकर पाहुणे उठून उभे राहिले. नुसतं सातारा घाला म्हणून साताऱ्याच्या भावजींनी तोडगा काढला, त्यावर भडंगाची पुडी टेबलावर आपटण्यात आली. मग मी म्हटलं, किर्लोस्करवाडीची जागा औंध संस्थानची, तेव्हा 'औंध' छापू. यावर मात्र दोघांचं एकमत झालं, की मला यातलं काही कळत नाही. तिकिटं छापखान्यात अडकली आहेत, आणि आबा रोज विचारतात, पाणी कोणत्या तारखेला सोडणार.