दाजी बिझी आहेत

दाजींच्या कंपनीने फतवा काढला, की यापुढे ऑफिसचं ईमेल आणि कॅलेंडर प्रत्येकाच्या फोनवर असलंच पाहिजे. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. हैदराबादेत नामपल्ली स्टेशनाच्या अलीकडे एका ऑफिसात हिशेब बघतात. आजवर त्यांचा सगळा कारभार भिंतीवरचं कालनिर्णय आणि शर्टाच्या खिशातली चिठ्ठी यांच्यावर बिनबोभाट चालत आलाय. "तू कंप्यूटरवाला ना, जरा टाकून दे," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी कंप्यूटरवाला नाही. मी कंप्यूटरवर भाषांतरं करतो. पण मेव्हण्याने दाजींपुढे असले खुलासे करायचे नसतात.

कंपनीचा हेल्पडेस्क हायटेक सिटीत बसतो. फोनवर आलेल्या पोराने पाठ म्हणून दाखवला: अकाउंटचा प्रकार आयमॅप, येणाऱ्या मेलचा पोर्ट 993, जाणाऱ्याचा 587. भरलं. मेल धो धो आले. कॅलेंडर मात्र कोरं करकरीत. दाजींना ते फार आवडलं. "बघ, एक मीटिंग नाही!" हे सुख पुढच्या सकाळपर्यंत टिकलं. साहेबांनी विचारलं, काल दिवसभर होतात कुठे? मग हेल्पडेस्कच्या दुसऱ्या पोराने सांगितलं, की आयमॅप फक्त टपाल आणतं, कॅलेंडर आणत नाही. ते हवं तर खातं उडवा आणि 'एक्स्चेंज' प्रकाराने नव्याने टाका. पहिल्या पोराचं काय, विचारल्यावर म्हणाला, "सर, तो ईमेल टीमचा आहे. मी कॅलेंडर टीमचा."

नव्याने टाकायला घेतलं तर युजरनेमच्या आधी डोमेन आणि मधे बॅकस्लॅश. दाजींचा अख्खा जन्म व्हाउचरवर तिरक्या रेघा मारण्यात गेलेला, पण त्या सगळ्या उजवीकडे झुकलेल्या. डावीकडे झुकणारी रेघ त्यांना मुळात संशयास्पद वाटली. ती फोनवर सापडते तरी कुठे? आकड्यांची कळ दाबायची, मग जिच्यावर तीन चिन्हं दाटीवाटीने बसलेली असतात ती कळ दाबायची, मग येणाऱ्या तिसऱ्या पानावर चष्मा कपाळावर चढवून शोधायचं. तिथे ती पौंड आणि अंशाच्या चिन्हांच्या गर्दीत अंग चोरून उभी असते. सापडली. मग फोनने पाटी दाखवली: हे खातं जोडल्यास तुमची कंपनी स्क्रीन लॉक करू शकेल, पासवर्डचे नियम ठरवू शकेल आणि फोनमधला सगळा डेटा पुसून टाकू शकेल. ओसरीवर टेकायला जागा मागणाऱ्या पाहुण्याने वेळ पडल्यास घर पाडायची मुभाही लिहून घ्यावी, तसला प्रकार.

"सगळा म्हणजे? नातीचं बारसंपण?"

"तेपण."

"आणि आपल्याला त्यांचं काय पुसता येतं?"

त्याला बटण नव्हतं. दाजींनी 'सहमत' दाबलं. नोकरी आहे.

खरा घोळ पुढे झाला. कंपनीच्या नियमाप्रमाणे दाजींनी पासवर्ड बदलला, ऑफिसच्या कंप्यूटरवर आणि फोनवरही, अगदी शहाण्यासारखा. तरी रोज सकाळी खातं लॉक. हेल्पडेस्कने उघडून द्यावं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते पुन्हा मिटावं. तपासात निघालं, की पहाटे सव्वापाचच्या सुमाराला कोणीतरी चुकीचा पासवर्ड लागोपाठ मारतंय. सुरक्षा विभागाचं पत्र आलं: आपल्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न होत आहे. कामगारांच्या पीएफच्या हिशेबात पहाटे उठून शिरणारा हा कोण, या विचाराने दाजींची झोप गेली. थोडे सुखावलेही होते ते. बहिणीकडे कोणी आलं की पत्र दाखवायचे.

शेवटी आम्ही आबिड्सच्या जगदीश मार्केटात गेलो. या बाजारात फोनचं काहीही दुरुस्त होतं, आणि कोणीही तुम्हाला टिकेट नंबर देत नाही. एक मिसरूड फुटलेला पोरगा डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी चार्जिंगचा सांधा डागत होता. आमची कथा त्याने मान वर न करता ऐकली.

"नै साब, इस फोन में कुच नै हुआ. पुराना फोन कां है? फेंके तो नै ना?"

जुना फोन दाजींच्या आईकडे, माईंकडे होता. माई पहाटे उठतात आणि वायफाय लावून कीर्तन ऐकतात. त्या फोनात दाजींचं ऑफिसचं खातं कंपनीच्याच माणसाने पूर्वी कधीतरी टाकलेलं, आणि ते काढायची आठवण कोणालाच नव्हती. इंटरनेट मिळाल्याबरोबर तो बिचारा इमानाने जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरकडे जायचा, हाकलला की पुन्हा जायचा, आणि सर्व्हर चिडून दार लावून घ्यायचा. तर हॅकर माई. पोराने पैसे घेतले नाहीत. "चाय पिलाओ" म्हणाला.

मेल मार्गी लागलं, आता कॅलेंडर. कंपनीने सुट्ट्यांची यादी परदेशातल्या सर्व्हरवरून धाडली. तिथलं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे दाजींच्या फोनवर दसरा पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संपत होता. टाइम झोनचा घोटाळा आहे, असं मी समजावू लागलो, तर माई म्हणाल्या, "घोटाळा कसला? तिथी अशीच लागते नि अशीच सुटते. फक्त ह्यांची वेळ आमच्या पंचांगाशी जुळत नाही. बघणारा नवा असेल."

दाजींनीही हौसेने स्वतःची नोंद घातली. नुमाइश. 1938 साली पब्लिक गार्डनमध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन आता नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर एरवी 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी भरतं, आणि या घरात त्याला सणाचा मान आहे. दाजींनी ती नोंद सबंध मुदतीची, 'दिवसभर' आणि 'बिझी' अशी घातली, शिवाय दरवर्षी आपोआप यावी अशी सोय केली. कॅलेंडर सगळ्या कंपनीला दिसतं. तीन देशांतल्या लोकांना कळलं, की हैदराबादचे अकाउंटंट 46 दिवस मोकळे नाहीत. त्या दीड महिन्यात दाजींना एकही मीटिंग लागली नाही. मी म्हटलं, दाजी, बदला ते. म्हणाले, "का? नुमाइशमध्ये आपण बिझीच असतो."

या माणसाला चार कॅलेंडरांची सवय आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. परभणीकडच्या त्यांच्या जमिनीच्या जुन्या कागदावर तारीख आहे 'माहे दै, 1352 फसली'. निजामाच्या राज्यात सरकारी फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. फसलीत 590 मिळवले की 1942 निघतं, हे दाजी तोंडी करतात. घरात सण शकावर, गल्लीत हिजरीवर, पगार इंग्रजीवर. फोनवाल्यांना मीटिंगच्या निमंत्रणात 'दुसरी वेळ सुचवा' हे बटण म्हणजे मोठा शोध वाटतो. हैदराबादेला त्यात नवल नाही. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. हुसेनसागरावर विसर्जनाची गर्दी असणार म्हणून मुस्लिम संघटनांनी मिलादची मिरवणूक 1 ऑक्टोबरला नेली. लाखो माणसांची मीटिंग हलली, तीही सर्व्हरशिवाय. कंपनीत तिघांची हलवायची तर साखळीत चाळीस मेल होतात आणि शेवटी ती मूळ वेळेलाच होते.

परवा रमजानचा एकोणतिसावा रोजा. परदेशातल्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग लावली. रूयत-ए-हिलाल कमिटीने चांद दिसल्याचं जाहीर केलं तर उद्या ईद, निम्मं ऑफिस सुट्टीवर आणि दाजींना शेजारी शीरखुर्म्याचं आवतण. न दिसला तर मीटिंग. दाजींनी 'टेंटेटिव्ह' दाबलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चंद्र दिसण्यावर अवलंबून. रात्री कळवतो.' पाच मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं: निर्णय कोण घेणार आहे? कृपया त्यांनाही या मीटिंगला जोडा.

दाजींनी मला फोन लावला. "अरे, रूयत-ए-हिलाल कमिटीचा ईमेल आयडी कुठे मिळेल का? आणि त्यात बॅकस्लॅश नाही ना?"