खराट्यासह मी

फोटो झकास आला होता. कानटोपी खिशात, पोट आत, हातात भाल्यासारखा खराटा आणि मी राणीबागेत उभा. मागे गोरखचिंचेचं अवाढव्य खोड, भोवती लख्ख झाडलेली जमीन. 'डिसेंबरच्या कडाक्यात श्रमदान' असं लिहून मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कडाका १९ अंशांचा होता, पण चिंचपोकळीत तेवढ्यावर कपाटातले स्वेटर निघतात.

२३ अंगठे आले. चोविसावा यायच्या आत माळीमामा आले.

"हे कुणी झाडलं?"

"मीच," मी पोट पुन्हा आत ओढलं.

"पाचोळा कुठाय?"

"भरला ना पिशव्यांत. चार झाल्या. टाकू गाडीत."

"साहेब, तुमचं वाढलेलं ताट कुणी गाडीत टाकलं तर?"

आम्हा हौशी मंडळींना थंडीत दिलेलं काम नेमकं उलटं होतं. पाचोळ्यातली वेफरची पाकिटं वेचायची आणि पाचोळा झाडाखालीच राहू द्यायचा. त्यानं ओल टिकते, कुजला की त्याचंच खत होतं. हे पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. मी तेव्हा छातीवरचा बिल्ला सरळ करत होतो.

आता गोरखचिंचेचा विषय निघालाच आहे (काढला मीच), तर थोडं बोलू द्या. चिंचपोकळीच्या माणसाला चिंच म्हटली की राहवत नाही. चिंचांची पोकळी ती चिंचपोकळी, ही फोड आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. पाहुणा खिडकीतून चिंच शोधतो आणि त्याला साने गुरुजी मार्गावरची बस दिसते. बागेत येणाऱ्यांनाही मी गोरखचिंच दाखवून "ही आमच्या चिंचेची थोरली जाऊ" म्हणायचो. एका चौथीतल्या मुलीनं मला थांबवलं. "काका, ती चिंचेची कुणीच नाही. ती काटेसावरीच्या कुळातली." घरी येऊन पुस्तक उघडलं. पोरगी बरोबर होती. वर गोरखचिंच मूळची आफ्रिकेची निघाली. ते एक वेळ चालेल. पण आमटीतली, चिंचगुळातली आपली चिंचही मूळची आफ्रिकेचीच! अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटलं आणि तेच शास्त्रीय नावात जाऊन बसलं, टॅमॅरिंडस इंडिका. मूळचा मुंबईकर कोण, यावर मी नाक्यावर तास तास बोललेलो आहे. आणि माझ्या स्टेशनच्या पाटीवरच परदेशी पाहुणी! हल्ली मी तो विषय निघाला की चहा सांगतो.

बाग १८६२ सालची. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली फोर्टातून हलवला, तोही इथंच आला. ही बाग कुणाला नाही म्हणत नाही.

आम्हालाही म्हणाली नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणीत जाणारे वडील दिवसभर घरात दिसायला लागले. दहा बाय दहाच्या खोलीत धडधाकट, बिनकामाचा माणूस मावत नाही. ते मला घेऊन राणीबागेत यायचे. मी हत्ती बघायचो. ते झाडाखाली बसून पायानं पाचोळा गोळा करायचे, पुन्हा पसरायचे. उन्हं कलली की म्हणायचे, "चल, पाळी सुटली." पुढं वर्षभर त्यांना दुसरी पाळी मिळाली नाही.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचं रूप पालटायचा आराखडा आला, तेव्हा शुभदा निखार्गे, हुतोक्षी रुस्तमफ्राम यांच्यासारख्या बायका इथल्या झाडांसाठी वर्षानुवर्षं भांडल्या. मी त्या वर्षांत एकदाही आलो नाही. पेंग्विन बघायला खुले झाले तेव्हा मात्र पहिल्याच महिन्यात रांगेत होतो.

त्या रविवारी चारही पिशव्या परत ओतल्या. मामांनी दाखवलं, खोडाला भिडवायचा नाही, वीतभर जागा सोडायची. मी पायानं पसरायला लागलो. मामा काहीतरी बोलणार होते, ते बोलले नाहीत.

फोटो ग्रुपवरून काढलेला नाही; अंगठे आता ३१ झालेत. तुम्हाला यायचं असेल तर रविवारी सकाळी या, बुधवारी बाग बंद असते. आणि खराटा आणू नका.