दोन निंदक, साठ अंशांवर

मेरी शेलीच्या 1818 सालच्या कादंबरीतला व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन शिकायला जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या विद्यापीठात येतो आणि याच गावात खोली घेऊन जुन्या, वापरलेल्या अवयवांची जुळणी करतो. पुढे जे झालं त्याचं खापर लोक जुन्या मालावर फोडतात. कादंबरी नीट वाचली तर मालाचा काही दोष दिसत नाही. गड्याने एकेक अवयव देखणा बघूनच निवडला होता. सगळे मिळून कसे दिसतील, हा प्रश्न त्याला पडला तो प्राण फुंकून झाल्यावर. घरातल्या एका खोलीत मिक्सिंग करू पाहणारा आणि त्यासाठी जुने मॉनिटर स्पीकर हुडकणारा माणूस याच पंथातला. हा ट्वीटर केवढा नाजूक, तो वूफर केवढा दणकट, त्या कंपनीचं नाव केवढं मोठं, असं करत तो जोडी घरी आणतो, वायर खुपसतो, आणि मग ढोलकीच्या धुमेतून जे काही उठून बसतं ते पाहून त्यालाही दार उघडून पळावंसं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की या खरेदीत गिऱ्हाईक आपण नसतोच. गिऱ्हाईक असते खोली. तिला मानवेल तोच स्पीकर घ्यावा, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. आणि जुना घेतल्याने जे पैसे वाचतील तेही तिच्याच अंगावर घालावेत.

हे इंगोलश्टाटात सांगायला कारण आहे. इथल्या सर्वांत मोठ्या कारखान्याचं नावच मुळी ‘ऐक’ असं आहे. ऑगस्ट हॉर्श यांना स्वतः काढलेली कंपनी सोडावी लागली आणि 1909 साली नवी काढली, तर तिला स्वतःचंच आडनाव देता येईना. मग आडनावाचं लॅटिन केलं. जर्मनमध्ये ‘हॉर्श’ म्हणजे ऐक, लॅटिनमध्ये ‘ऑडी’. या ऑडीच्या गाड्या आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवल्या जातात, आणि गाडीधंद्याच्या निमित्ताने या बाजूला येणाऱ्या मराठी माणसांत एखादा तबलजी, एखादी अभंग गाणारी निघणारच. मायक्रोफोन असतो, लॅपटॉप तर कंपनीनेच गळ्यात बांधलेला असतो, भाड्याच्या घरात अर्धी-मुर्धी खोलीही निघते. उरतात ते स्पीकर. आणि इथेच ‘ऐक’ म्हणणाऱ्या गावातला शहाणा इंजिनिअर ऐकायचं सोडून वाचत सुटतो.

मुळात मॉनिटर म्हणजे काय, याबद्दलच घोळ आहे. दिवाणखान्यातला स्पीकर आपल्याला खूश ठेवायला असतो. मॉनिटर आपल्या चुका दाखवायला. निंदक जवळ असावा, असं आपल्या संतांनी सांगून ठेवलंच आहे. मिक्सिंगवाल्याला दोन लागतात, तेही एकमेकांपासून आणि आपल्यापासून सारख्या अंतरावर, साठ अंशांच्या कोनात बसवलेले. ‘ऐकताच प्रेमात पडलो’ हे निंदक निवडायचं कारण होऊ शकत नाही. यामाहाचा एनएस-10 1978 साली घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला आणि शौकिनांनी नाकं मुरडली. आवाज कोरडा, बास तोकडा. पण स्टुडिओवाल्यांनी तोच उचलून मिक्सिंगच्या टेबलावर मांडला. त्याचा ट्वीटर कानाला टोचतो म्हणून त्यावर टिश्यूपेपर चिकटवायची पद्धत पडली आणि त्या टिश्यूपेपरच्या जाडीवरही गंभीर चर्चा झाल्या; पण स्पीकर हलला नाही. शेवटी 2001 साली त्याच्या पांढऱ्या कोनासाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्यावर उत्पादन थांबलं, आणि 2008 साली ग्रॅमीवाल्यांनी त्याला तांत्रिक पुरस्कार दिला. मोजमाप करणाऱ्यांना त्यात दिसलं ते असं, की बंद खोक्याचा हा स्पीकर सूर संपला की चटकन गप्प बसतो, मागे घुमत राहत नाही. बोलून झाल्यावर थांबणं हा गुण माणसांतही दुर्मिळच. अर्थात, म्हणून आज कुणी चढ्या भावाने थकलेले एनएस-10 घ्यावेत असं मी म्हणणार नाही. ती भक्ती झाली, खरेदी नव्हे.

आता खोली. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. चार मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंती 43 हर्ट्झच्या आसपासचा सूर पकडून धरतात, तीन मीटर रुंदी 57 चा, अडीच मीटर उंची 69 चा. म्हणजे स्पीकरने तोंड उघडायच्या आधीच खोलीचे स्वतःचे तीन तंबोरे लागलेले असतात, आणि ते तुमच्या गाण्याच्या पट्टीत लावून घेता येत नाहीत. खोली चौरस असेल तर दोन तंबोरे एकच सूर धरतात आणि अनर्थ दुप्पट होतो. भर म्हणजे इथल्या सिमेंटच्या भिंती आणि दुहेरी काचा बासला बाहेर सोडत नाहीत. आपल्याकडची पातळ दारं आणि उघड्या खिडक्या निदान थोडा बास शेजाऱ्यांना वाटून टाकतात. त्यात स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला तर भिंतीवर आपटून परतलेला आवाज 86 हर्ट्झच्या जवळ मूळ आवाजाला खाऊन टाकतो. डग्ग्याचा घुमारा आणि खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज याच मुलखात राहतात. मिक्स करणारा बिचारा म्हणतो, डग्गा कमी वाटतोय. वाढवतो. मग ते गाणं गाडीत लावलं की डग्गा दरवाजे हलवतो. गाडीत लावून मिक्स तपासायची रीत जगभर आहे. या गावात तर निमित्तही शोधावं लागत नाही.

सगळं जागेवर ठरतं, याचा सर्वांत देखणा पुरावा गावातल्या मारिया दे व्हिक्टोरिया चर्चमध्ये छताला लटकला आहे. लटकला म्हणजे रंगवला आहे. कॉस्मास डेमियन आझाम याने 1734 साली तिथल्या सपाट छतावर असं भित्तिचित्र काढलं, की वर घुमट, खांब आणि आकाश खोल गेल्यासारखं दिसतं. पण ते जिथून बरोबर दिसतं ती जागा खाली फरशीवर खुणेने दाखवलेली आहे. तिथून हललात की खांब कलंडतात. छत तेच, रंग तेच, चित्रकारही तोच थोर. बदलली ती फक्त तुमची उभं राहायची जागा. सव्वा लाखाचा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात कोंबून ‘आवाज मोकळा नाही’ म्हणणाऱ्याला आधी या चर्चमध्ये नेऊन मुद्दाम चुकीच्या फरशीवर उभं करावं.

म्हणून इथल्या छोट्या खोलीसाठी पाच इंची वूफरचा, भिंतीजवळ ठेवता येईल असा स्पीकर बरा. भिंतीला चिकटला की आवाज खाणारा तो 86 हर्ट्झजवळचा खड्डा वरच्या पट्टीत सरकतो, जिथे रॉकवूलचा, म्हणजे दगडी लोकरीचा, जाड थर त्याला आवरू शकतो. पोर्ट, म्हणजे बास सोडणारं भोक, पुढे हवा, नाहीतर खोकं बंद हवं, कारण मागच्या बाजूने फुंकणारा स्पीकर भिंतीशीच गप्पा मारत बसतो. पाठीमागे बास उतरवायचा खटका हवा. नॉयमनचा केएच 120 या सगळ्यात बसतो. तो साधारण 52 हर्ट्झपर्यंत उतरतो आणि तिथे शहाण्यासारखा थांबतो. बर्लिनच्या अ‍ॅडमचा ए7एक्स पोर्ट पुढे ठेवतो, पण त्याचा वूफर मोठा, म्हणून खोलीही थोडी मोठी हवी. आठ इंची राक्षस स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं म्हणजे स्वयंपाकघराला लग्नाच्या पंगतीची पातेली आणणं.

यावर पहिला आक्षेप इंजिनिअरच घेणार: एवढं कशाला, खोली मोजून दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आहे की. आहे, आणि उठलेले उंचवटे ते छान कापतं. खड्डा मात्र त्याला भरता येत नाही. वीस डेसिबलचा खड्डा भरायचा तर शंभर पट ताकद लागेल, आणि एवढी ओतली तरी भिंतीवरून परतणारा आवाजही तितकाच वाढून पुन्हा तेवढंच खाणार. आपल्याकडे रस्त्यावरचे खड्डे पावसाळ्याच्या तोंडावर ज्या रीतीने बुजवतात, त्याची आठवण व्हावी. कोपऱ्यात छतापर्यंत वीस सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल कापडात गुंडाळून उभं करणं दिसायला भिकार, पण कामाला चोख. नव्याऐवजी जुनी जोडी घेतल्याने सुटलेले युरो इथे घालायचे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: जुन्याला हमी कोण देणार? मीडियामार्क्ट आणि साटुर्नचं मुख्य ऑफिस याच गावात आहे, आणि ‘गाइत्स इस्ट गाइल’, म्हणजे चिक्कूपणा झकास, ही घोषणा साटुर्ननेच जर्मनीच्या तोंडी बसवली. तरी त्यांच्याकडेही चिक्कूपणा करायचा तो मुख्यतः नव्या मालावर. कायदा असा, की दुकानदाराला जुन्या वस्तूचीही निदान वर्षभर जबाबदारी घ्यावी लागते, खासगी विक्रेत्याला मात्र जाहिरातीत एक वाक्य लिहून हात झटकता येतात. तेव्हा हमी आपली आपण काढायची. इथल्या जाहिराती वाचताना मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. ‘सिगारेट न ओढणाऱ्या घरातला, प्राणी नाहीत’ हे आपल्या वधूवर सूचक मंडळातलं ‘निर्व्यसनी, लहान कुटुंब’. पत्रिका म्हणजे मागचे सिरियल नंबर. दोन्ही जवळजवळचे असतील तर जोडी जन्मापासूनची. वूफरची कड फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, रबराची टिकते. बोटाने हलकेच दाबून पाहावी. काहीही न वाजवता कान ट्वीटरशी न्यावा. हलकी सळसळ क्षम्य, घरघर म्हणजे आतले कंडेन्सर म्हातारे झाले. मग खालून वरपर्यंत एकच सूर सरकवत न्यायचा, जिथे खोकं खडखडेल तिथे भाव उतरवायचा. शेवटची परीक्षा मला फार आवडते: दोघांना तोंडाला तोंड लावून ठेवायचं, दोघांना एकच गाणं द्यायचं, पण एकाची फेज उलटी करायची. जोडी सारखी असेल तर आवाज, विशेषतः बास, जवळजवळ नाहीसा होतो. सत्ताधारी आणि विरोधक एकाच वेळी नेमकं उलट बोलले की निष्पत्ती शून्य, हे आपण पाहतोच. त्या शून्याला यश म्हणायचं ठिकाण मात्र हे एकच.

‘नवीन मागवा, तीस दिवसांत परत करता येतो,’ हेही सुचवलं जातं, आणि बव्हेरियातच असलेलं ट्रेप्पेनडॉर्फचं ते प्रचंड वाद्यदुकान ही सोय खरोखर देतं. पण तीस दिवसांत स्पीकर आवडतो किंवा आवडत नाही, कळत नाही. तो कुठे खोटं बोलतो हे समजायला चार-सहा महिने ओळखीची गाणी त्यावर ऐकावी लागतात. एनएस-10 ने जग जिंकलं ते तो खरं बोलत होता म्हणून नव्हे, त्याचं खोटं सगळ्यांना पाठ झालं होतं म्हणून. अशा लांबच्या ओळखीसाठी उतरत्या भावाचा टप्पा आधीच्या मालकाने पार केलेला असणं सोयीचं; नाही पटलं तर पुढे विकताना फार झळ बसत नाही.

‘मुळात स्पीकरच कशाला?’ हा हेडफोनवाल्यांचा आक्षेप अर्धा मान्य. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी अख्खा दिवस शेजाऱ्याच्या शांततेला इथे जे महत्त्व आहे, त्यात हेडफोनला पर्याय नाही, आणि 50 हर्ट्झच्या खालचं काय चाललंय हेही छोट्या स्पीकरपेक्षा तेच बरं सांगतात. पण हेडफोनमध्ये डाव्या कानाला फक्त डावं ऐकू येतं. टाळ डावीकडे, चिपळ्या उजवीकडे, आणि बुवा डोक्याच्या आत बसलेले. स्पीकरवर दोन्ही कान दोन्ही बाजू ऐकतात, तेव्हाच बुवा समोर येऊन बसतात. दिवसा स्पीकर, रात्री हेडफोन, एवढा समझोता पुरे.

राहिला भाव. 23 एप्रिल 1516 रोजी याच इंगोलश्टाटात बिअरच्या शुद्धतेचा प्रसिद्ध हुकूम जाहीर झाला. त्यात जव, हॉप आणि पाणी यांची गोष्ट पुढे येते. सुरुवातीला ड्यूकने भाव बांधून दिले आहेत, मापाला हिवाळ्यात एक फेनिग, उन्हाळ्यात दोन. जुन्या स्पीकरांना असा ड्यूक लाभलेला नाही. जाहिरातीत किमतीपुढे ‘व्हीबी’ असतं, म्हणजे बोलणीला जागा आहे, आणि ती जागा आपल्या लोकांना दुरून दिसते. तेव्हा ऐकायला जाताना आपली ओळखीची तीन गाणी, उलट फेजची फाइल आणि मीटर टेप खिशात ठेवा, खोलीची मापं कागदावर लिहून न्या, आणि पहिल्याच संदेशात नुसतं ‘लेट्स्टे प्राइस?’, म्हणजे ‘शेवटचा भाव?’, लिहू नका. आधी ‘गुटेन टाग’ लिहा.